कप्तानीणबाईंचा आवाज

“कुणीतरी माझ्या आईचा आवाज पुसून टाकलाय,” असं म्हणून ती खुर्चीत बसली, आणि भाऊजींनी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली.

वहिनींकडे माणसं येत ती हरवलेले दागिने, बदललेली मृत्युपत्रं, घर सोडून गेलेली मुलं यांच्यासाठी. आवाज हरवल्याची तक्रार ही पहिलीच. वहिनींनी चष्मा कपाळावर चढवला. नीट ऐकायचं असलं की त्या असं करत.

“अगदी पहिल्यापासून सांगा,” त्या म्हणाल्या.

भाऊजी खिडकीजवळच्या खुर्चीत सावरून बसले. जन्मभर त्यांनी भूमिती शिकवली होती. निवृत्त झाल्यावर, आणि थोरला भाऊ गेल्यावर, ते वहिनींची गाडी चालवू लागले. वहिनींना गाडी सोडून बाकी सगळं चालवता येत असे.

पाहुणीचे वडील फेरीबोटीचे कप्तान होते. नदीच्या मुखापासून बेटापर्यंत आणि परत, उभा जन्म त्यांनी तीच वाट कापली. आई त्याच बोटीवर तिकिटं द्यायची, म्हणून सगळे तिला कप्तानीणबाई म्हणत. दोन वर्षांपूर्वी कप्तानांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली.

“गावात एक उपचार केंद्र आहे,” लेक सांगत होती. “तिथं एका खोलीत मोठा पडदा आहे आणि त्याच्यासमोर सुकाणू. कॉम्प्युटरवर आभासी बोट चालते. तिथल्या तंत्रज्ञानं बाबांच्या फेरीची दृश्यं एकापुढे एक लावून त्यांच्यासाठी वेगळी प्लेलिस्ट केली. धक्का, दीपगृह, खडक, बेट. आई शेजारी बसून सांगायची, अहो, दीपगृह आलं, आता डावीकडे घ्या. की बाबांचा हात हलायचा. डॉक्टरांचं ऐकून हलायचा नाही, आईचं ऐकून हलायचा.”

“आणि तो आवाज रेकॉर्ड केला.”

“हो. आईला एखाद्या दिवशी यायला जमलं नाही तर अडू नये म्हणून. मग बाबांना दुसरा झटका आला. ते बेशुद्ध होते तेव्हाच आई गेली. बाबांना अजून सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, इतक्यात धक्का नको. मी सांगितलं, आई आजारी आहे, मावशीकडे उपचाराला गेलीय. उद्या सांगू, परवा सांगू करत महिने गेले. घरात आईचा चष्मा, आईचा कप, सगळं जागच्या जागी ठेवलंय.”

भाऊजींनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

“सोमवारी बोट सुरू केली तर आवाजच नाही. फेरी आहे, पाणी आहे, आई नाही. कॉम्प्युटरवरून सगळी वाक्यं गेली, आणि कुलपातल्या बॅकअपमधूनही गेली. आईला फोटोसुद्धा काढून घ्यायला आवडायचं नाही. माझ्याकडे तिचा दुसरा आवाज नाही, बाई.”

“शनिवारी आवाज होता?”

“होता. केंद्रातल्या व्यायामबाई बाबांबरोबर आत होत्या, त्यांनीच सांगितलं. म्हणजे जे झालं ते रविवारी झालं.”

“तुम्ही कुठं होतात?”

“नेहमीसारखी बाहेर बाकावर. आईचा आवाज बाबांच्या खुर्चीतल्या स्पीकरमधून येतो, बाहेर फक्त लाटा आणि भोंगा. आणि शनिवारी तर मी धड बसलेसुद्धा नाही. रोज माझा चहा होतो, मासिक चाळून होतं, तरी बाबा आतच. शनिवारी पहिला घोट घेतला आणि दार उघडलं. कप तसाच टाकून उठले.”

वहिनींनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. “चला भाऊजी, गाडी काढा.”

*

केंद्रातल्या तंत्रज्ञाला सगळे जोडारी म्हणत. वायर असो, पाण्याचा नळ असो की ध्वनीचा तुकडा, तो जोडून द्यायचा. तिशीतला, हडकुळा माणूस. डोळे जागरणानं लाल झाले होते.

“सोमवारपासून शोधतोय,” तो म्हणाला. “कॉम्प्युटरची कचरापेटीसुद्धा रिकामी केलीय कुणीतरी.”

“मला यातलं काही कळत नाही असं समजून सांगा,” वहिनी म्हणाल्या. भाऊजींच्या बाबतीत तर तसं समजायचीही गरज नव्हती.

“प्लेलिस्ट म्हणजे दृश्यांची माळ. बोट कुठून निघणार, पुढे काय दिसणार ते तिच्यात ठरतं. आवाज त्यात नसतो. त्यासाठी वेगळं प्लगिन बसवावं लागतं, म्हणजे सॉफ्टवेअरला वरून जोडलेला एक छोटा प्रोग्राम. तयार मिळतं ते आमच्या उपयोगाचं नव्हतं. कप्तानांचा हात सावकाश चालतो, वाक्य संपायच्या आत बोट पुढे निघून जायची. म्हणून मी ते बदललं. खुणेची जागा आली की बोट थांबते, डुलत राहते. कप्तानीणबाईंचं वाक्य संपलं, त्यांनी सुकाणू वळवलं, की पुढे.”

“सोमवारी काय झालं?”

“सोमवारी कुठं थांबलीच नाही. भरकन जाऊन आली.”

“आणि बॅकअप?”

त्यानं टेबलाचा खण उघडून एक छोटी हार्ड डिस्क दाखवली. “दर शनिवारी संध्याकाळी घेतो. किल्ली माझ्याकडे. रविवारी मी बहिणीकडे होतो. खण कुणी उघडलेला दिसत नाही.”

“आधीचे बॅकअप असतील.”

“पूर्वी असायचे. पण डिस्क सारखी भरायची. कॉम्प्युटरवरचा गाळ काढला तरी हिच्यात तो तसाच राहायचा. गेल्या महिन्यात मी सेटिंग बदललं. आता कॉम्प्युटर जसा, तशीच डिस्क. अगदी लख्ख.”

“छान,” वहिनी म्हणाल्या. “टेबल मात्र लख्ख दिसत नाही.”

जोडारी ओशाळला. “इथं कुणीही येतं आणि वस्तू हलवतं. शनिवारी बॅकअपला बसलो तर माऊस कीबोर्डच्या डावीकडे. रोज आपलं जागेवर ठेवायचं.”

वहिनी एकदम म्हणाल्या, “महिने झाले, आजारी बाई नुसतं दीपगृहच सांगत राहील? यातली काही वाक्यं कप्तानीणबाई कधी बोलल्याच नव्हत्या, होय ना?”

जोडारीनं मान खाली घातली. “ताईंनी, म्हणजे त्यांच्या लेकीनं, सांगितलं म्हणून केलं. ‘मी बरी आहे’, ‘मी येते’, अशी चार वाक्यं. जुन्या वाक्यांचे तुकडे काढून जोडली. ‘उजवीकडे बेटाची वाट येते आता’ असं त्या म्हणायच्या, त्यातलं ‘येते’ उचललं. मागं त्यांची खुर्ची करकरली होती, ती मला काही पुसता आली नाही. पण एवढं कोण ऐकतंय? मला ते करायला नको वाटत होतं. तरी केलं.”

*

केंद्राचे प्रमुख डॉक्टर घाईत होते. रविवारी आपण काही पाहुण्यांना ती खोली दाखवली, हे त्यांनी लगेच कबूल केलं.

“कॉम्प्युटरला हात लावला?”

“मला तो सुरूसुद्धा करता येत नाही. पाहुण्यांनी पडदा पाहिला, सुकाणूवर हात ठेवून फोटो काढले, झालं.” ते जायला निघाले आणि वळले. “खरं सांगू? धक्का नको हे मीच म्हणालो होतो, पण ते पहिल्या आठवड्यापुरतं. नंतर त्या मुलीनं विचारलं नाही, आणि मी विषय काढला नाही.”

व्यायामबाई पन्नाशीच्या होत्या, आवाज करडा आणि हात मऊ. एका पेशंटच्या कार्डावर त्या डाव्या हातानं काहीतरी लिहीत होत्या. भाऊजी सावध झाले. माऊस डावीकडे, बाई डावखुऱ्या. त्यांनी वहिनींना कोपरानं खुणावलं. वहिनींनी तिकडे लक्ष दिलं नाही.

“तुमचं आणि कप्तानांच्या मुलीचं भांडण झालं होतं म्हणे,” वहिनी म्हणाल्या.

“झालं होतं. मी म्हटलं, बाई गं, हे खोटं कुठवर ओढणार? ती म्हणाली, माझ्या घरात लक्ष घालू नका.”

“बोलणं कितपत आलंय त्यांना?”

“फार थोडं. शब्द शोधावा लागतो. मी पाटी दिलीय, डाव्या हातानं अक्षरं काढतात. बघा, प्रगती दाखवते.” त्यांनी कॉम्प्युटरकडे वळून उजव्या हातानं माऊस धरला आणि एक आलेख उघडला. रेघ वर चढत गेली होती.

“शनिवारी कसे होते?”

“नेहमीसारखेच. दीपगृहापाशी कप्तानीणबाई बोलल्या, त्यांनी मान डोलावली, सुकाणू वळवलं.” हे सांगताना त्या आलेखाकडेच बघत होत्या.

गाडीत बसल्याबरोबर भाऊजी म्हणाले, “वहिनी, त्या डावखुऱ्या आहेत.”

“लिहिताना,” वहिनी म्हणाल्या. “कप्तानांच्या घराकडे घ्या.”

*

घर नदीकाठच्या चढावर होतं. लेकीनं वहिनींना आत नेलं. भाऊजी गाडी लावायला मागं राहिले. जागा मिळायला वेळ लागला. दार ओढून घेतलेलं होतं, म्हणून त्यांनी बेल वाजवली.

दाराच्या काचेतून त्यांना आतलं सगळं दिसत होतं. बेल वाजताच लेक दचकून दाराकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उमटलं आणि विझलं. खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसानं मात्र मानही वळवली नाही.

“ऐकायला कमी येतं का?” आत आल्यावर भाऊजींनी हळूच विचारलं.

“छे हो. धुक्यात घंटेच्या आवाजावरून कुठला बोया, पाण्यातली कुठली तरंगती खूण, ते सांगायचे. एकाच साच्यातल्या घंटा, पण प्रत्येकीची चूक वेगळी असते म्हणायचे.” लेक पाणी आणायला वळली. “मध्यंतरी बेल वाजली की दाराकडे बघत राहायचे. मला वाटायचं, आईचीच वाट बघतायत. महिन्याभरापासून तेही बंद झालं. शनिवारपासून कानात ते घालून बसतात. श्वासाचे व्यायाम सांगणारं यंत्र आहे, व्यायामबाईंनी दिलंय.”

कप्तानांच्या मांडीवर काडेपेटीएवढा प्लेअर होता, कानांत इअरफोन, डोळे मिटलेले. डावा हात खुर्चीच्या हातावर होता आणि मनगट सावकाश डावीकडे वळत होतं. थांबलं. मग उजवीकडे. भाऊजींना कौतुक वाटलं. या वयात व्यायाम इतका मन लावून करणारा माणूस विरळाच.

वहिनींनी एक स्टूल ओढलं आणि कप्तानांच्या अगदी जवळ बसल्या. त्यांनी इअरफोन काढेपर्यंत त्या थांबल्या. लेक स्वयंपाकघरात गेल्यावर त्या खालच्या आवाजात काहीतरी बोलल्या. कप्तान त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. वहिनींनी आणखी एक प्रश्न विचारला. या वेळी त्यांनी डोळे मिटले आणि मान एकदा खाली, एकदा वर केली. मग त्यांचे ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही.

“काय विचारलंत?” परतताना भाऊजींनी विचारलं.

“परवानगी मागितली,” वहिनी म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे त्या पडद्याच्या खोलीत जमले. कप्तान सुकाणूसमोर होते, लेक त्यांच्या पाठीशी. जोडारी टेबलाला टेकून उभा होता, व्यायामबाई दाराशी.

“सगळे रविवारचा विचार करत होते,” वहिनी म्हणाल्या. “रविवारी खोली उघडी होती, पण खण बंद होता. मग बॅकअप पुसला कुणी? उत्तर सोपं आहे. तो बॅकअपनंच पुसला.”

जोडारीनं कपाळावर हात मारला. “कॉम्प्युटर जसा, तशी डिस्क.”

“बरोबर. वाक्यं कॉम्प्युटरवरून आधीच गेलेली होती. तुम्ही शनिवारी संध्याकाळी बॅकअप घेतलात आणि डिस्कनं कॉम्प्युटरची नक्कल केली. जी वाक्यं तिकडे नाहीत, ती इकडूनही काढून टाकली. तुमच्याच हातानं झालं, पण तुम्हाला पत्ता नाही. म्हणजे पुसण्याचं काम शनिवारी संध्याकाळच्या आत झालं.”

“पण शनिवारी आवाज होता,” लेक म्हणाली.

“तुमच्या चहाला विचारा. आवाज असला की बोट प्रत्येक खुणेपाशी थांबते. तुमचा चहा होतो, मासिक होतं. शनिवारी पहिल्या घोटातच दार उघडलं. बोट कुठं थांबलीच नव्हती. त्या फेरीला आवाज नव्हता.”

सगळ्यांनी व्यायामबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही.

“म्हणजे यांनीच,” भाऊजी म्हणाले. “माऊस डावीकडे होता, आणि या डावखुऱ्या.”

“भाऊजी, काल आलेख दाखवताना यांनी माऊस उजव्या हातानं धरला होता. लिहिणं डाव्यानं, माऊस उजव्यानं. अशी माणसं पुष्कळ असतात. माऊस उचलून डावीकडे ठेवावा लागतो तो फक्त अशा माणसाला, ज्याचा उजवा हात चालतच नाही.”

लेकीचा हात वडलांच्या खांद्यावरून निसटला.

“बाबा?”

“त्यांनी स्वतः पुसलं,” वहिनी म्हणाल्या. आता त्यांचा आवाज फार मऊ झाला होता. “यांनी फक्त खुर्ची टेबलाशी नेली, आणि कुठलं बटण ते दाखवलं. आधी मात्र आईची खरी वाक्यं त्या छोट्या प्लेअरमध्ये घेतली; इथली पुन्हा कुणी कापून जोडू नयेत, म्हणून सगळीच पुसली. काल ते श्वासाचे व्यायाम ऐकत नव्हते. व्यायाम श्वासाचा आणि वळतंय मनगट? ते बेटावर चालले होते. आईचा आवाज सुरक्षित आहे. गेली ती चार वाक्यं, जी आई कधी बोललीच नव्हती.”

“म्हणजे त्यांना कळलं की ती वाक्यं…”

कप्तानांचे ओठ हलले. व्यायामबाई पुढे होणार होत्या, पण वहिनींनी हातानं थांबवलं. शब्द यायला वेळ लागला.

“येते,” कप्तान म्हणाले. श्वास घेतला. “बेटातलं… येते. तीच… करकर.”

जोडारी पडद्याकडे तोंड करून उभा राहिला.

“धुक्यात घंटा ओळखणारा माणूस,” वहिनी म्हणाल्या. “खुर्चीची तीच करकर दोन वाक्यांत ऐकली आणि कळलं, हे जोडलेलं आहे. आणि जी बाई नवऱ्यासाठी चार शब्द नवे बोलू शकत नाही, ती आहे कुठं, हेही कळलं. म्हणून ते आता बेल वाजली की दाराकडे बघत नाहीत. काल तुम्ही बघितलंत. त्यांनी नाही.”

लेक वडलांच्या समोर येऊन खाली बसली. “कधीपासून माहीत आहे?”

“महिना झाला असेल,” व्यायामबाई म्हणाल्या. “पाटीवर लिहून मला विचारलं, ती नाही ना? मला खोटं बोलवलं नाही. मी म्हटलं, लेकीला सांगूया. तर लिहिलं, नको, ती मोडेल. म्हणाले, म्हणजे लिहिलं, की तिचा सगळा दिवस माझ्यापासून हे लपवण्यात जातो, ते काढून घेतलं तर ती काय करेल. मग शनिवारी ते खोटं ‘येते’ वाजलं आणि त्यांनी सुकाणू सोडून दिलं. रडले. फेरी थांबवली मी. पुसून झाल्यावर पुन्हा एकदा, आवाजाशिवाय, बेटापर्यंत जाऊन आले. मी तुझ्याशी खोटं बोलले, त्याबद्दल काय म्हणायचंय ते म्हण.”

“पहिल्या घोटालाच दार उघडलं,” भाऊजी पुटपुटले. “रडून, पुसून, फेरी करूनसुद्धा.”

“एका फेरीत बोट किती थांबत असेल बघा,” वहिनी म्हणाल्या. “कप्तानीणबाई बोलक्या होत्या.”

जोडारीनं घसा साफ केला. “तो प्लेअर द्याल का? मी तीन प्रती करतो. तीन वेगळ्या ठिकाणी. एकमेकींची नक्कल न करणाऱ्या.”

व्यायामबाई त्याला घेऊन बाहेर गेल्या. वहिनींनी भाऊजींना डोळ्यानं खूण केली, पण कप्तानांनी डावा हात उचलला, म्हणून दोघं दाराशीच थांबले. त्यांना आणखी काहीतरी म्हणायचं होतं. काल परवानगी देतानाही ते हेच म्हणायला बघत होते आणि शब्द सापडला नव्हता, असं वहिनींनी नंतर भाऊजींना सांगितलं.

लेकीनं वडलांचे दोन्ही हात हातात घेतले, जिवंत आणि निर्जीव. “बोला बाबा. मी कुठं जात नाही.”

“एकटी,” कप्तान म्हणाले. कपाळावर घाम आला होता. “एकटी… होती?”

महिनाभर हा एक प्रश्न त्यांनी उराशी धरून ठेवला होता, हे भाऊजींच्या आता ध्यानात आलं. माहीत नसल्याचं सोंग घेतलेल्या माणसाला तो विचारायची सोय नव्हती.

“नाही हो बाबा,” लेक म्हणाली. तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. “मी होते. मावशीही होती. सकाळ होती. ती म्हणाली, खिडकी उघड, नदी दिसू दे. मी उघडली. मग तुमच्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, झोपलेत. म्हणाली, झोपू दे त्यांना. मी तिचा हात धरून होते. शेवटपर्यंत धरून होते.”

कप्तान ऐकत होते. ती सांगत गेली, त्या सकाळचं, आदल्या रात्रीचं, आईनं काय खाल्लं आणि काय नको म्हटलं त्याचं, मावशी आल्याचं, नंतर ती एकटी घरी आली तेव्हा कुणाला सांगायचं ते न कळल्याचं. महिने झाले, पण तिनं हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

वहिनींनी दार आवाज न करता ओढून घेतलं.